देवापुढचा हिशेब एकवचनी असतो: दुफळीच्या काळात तो रोज कसा लिहावा

दुफळी माजली की माणसं अनेकवचनात बोलू लागतात. ‘आपले लोक’, ‘त्यांची माणसं’, ‘आम्ही असं कधी केलं नाही’, ‘ते पहिल्यापासून तसेच’. मंडळीत (म्हणजे चर्चमध्ये) फूट पडलेली असो, निवडणुकीची धग असो किंवा एकाच घरात दोन पक्ष असोत, व्याकरण तेच. बायबलमधल्या रोमकरांस पत्रातलं एक वचन (१४:१२) मात्र हट्टाने एकवचनात आहे: प्रत्येक जण आपापल्याबद्दल देवाला हिशेब देईल. हे वचन आलंय कुठे तेही बघा. रोमच्या मंडळीत काही जण मांस खात होते, काही फक्त भाजीपाला. काही जण ठरावीक दिवस पाळत होते, काहींना सगळे दिवस सारखे. खाणारे न खाणाऱ्यांना तुच्छ मानत आणि न खाणारे खाणाऱ्यांना दोषी ठरवत. हे पत्र लिहिणाऱ्या प्रेषित पौलाने कोणाची बाजू किती बरोबर याचा निकाल लावून विषय मिटवला नाही. त्या भांडणाच्या मधोमध त्याने प्रत्येकाचा स्वतंत्र हिशेब आणून ठेवला.

तो हिशेब शेवटच्या दिवशी होणार असला तरी त्याची सवय आजच लावता येते. त्यासाठी लागतं ते असं: एक वही, रात्रीची पंधरा मिनिटं, आठवड्यातून एकदा पाऊण तास आणि एक विश्वासू सोबती.

रात्रीची वही

फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. ही अट किरकोळ वाटते, पण फोन हाताशी असला की पाचव्या मिनिटाला ‘त्यांनी’ आज काय केलं ते वाचायला सुरुवात होते आणि वही तशीच राहते. झोपेने डोळे मिटायला लागल्यावर बसू नका. रात्रीच्या जेवणाआधीची वेळ बहुतेकांना मानवते.

क्रम पाच पायऱ्यांचा. जेझुइट संघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला याने सोळाव्या शतकात तो घालून दिला, आणि ज्या साधनेत तो आहे तिला १५४८ साली पोपची मान्यता मिळाली. कॅथलिक नसलेल्यांनाही त्यात अडचण वाटण्यासारखं काही नाही. आधी देवाचे आभार, मग आपली पापं दिसावीत म्हणून कृपेची मागणी, मग दिवसाची उजळणी, मग क्षमेची याचना आणि शेवटी सुधारणेचा निश्चय. आभार आधी का? कारण थेट चुकांवर उडी घेणारा माणूस एक तर स्वतःवर चिडतो, नाहीतर दुसऱ्यांवर. आभाराला तीन मिनिटं द्या आणि नेमक्या गोष्टी म्हणा. ‘सगळ्यासाठी धन्यवाद’ म्हणणं म्हणजे काहीच न म्हणणं.

दुसऱ्या पायरीवर १३९व्या स्तोत्राची शेवटची दोन वचनं सावकाश वाचा. ‘देवा, माझं मन पारखून पाहा’ ही प्रार्थना तिथे आहे. पण तिच्या लगेच आधीची वचनं देवाच्या शत्रूंचा कडकडून द्वेष करण्याबद्दल आहेत. म्हणजे शत्रूंबद्दल मनसोक्त बोलून झाल्यावर स्तोत्रकर्ता एकदम वळतो आणि तपासणीसाठी स्वतःला पुढे करतो. दुफळीच्या काळात ही चारही वचनं एकत्र वाचावीत. नुसती शेवटची दोन वाचली तर ते वळण हाती लागत नाही.

तिसऱ्या पायरीवर उजळणी करताना हे चार प्रश्न विचारा:

१. आज कोणाबद्दल असं काही बोललो, जे तो माणूस समोर असता तर बोललो नसतो?

२. खात्री न करता काय पुढे पाठवलं? (खोटी अफवा पसरवू नको, असं निर्गम २३:१ सांगतं. अफवा आपण तयार केली की फक्त पुढे ढकलली, असा फरक तिथे केलेला नाही.)

३. आपल्या बाजूच्या माणसाची कोणती चूक पोटात घातली, जी समोरच्या बाजूने केली असती तर आपण गाव गोळा केलं असतं?

४. आज कोणाला भिऊन गप्प बसलो, किंवा कोणाला खूश करायला बोललो?

चौथा प्रश्न सगळ्यात कामाचा. इस्राएलचा राजा शौल याची गोष्ट (१ शमुवेल १५) आठवा. अमालेकी या शत्रूंचं सर्व काही नष्ट करण्याची आज्ञा असताना चांगली मेंढरं आणि गुरं राखून ठेवली गेली. संदेष्टा शमुवेलाने विचारल्यावर शौल आधी म्हणतो, मी आज्ञा पाळली. मग म्हणतो, लोकांनी राखली, तीही यज्ञासाठी. खरं कारण २४व्या वचनात बाहेर पडतं: मी लोकांना भ्यालो. दुफळीतली बरीच पापं अशीच असतात. वरवर ती विरोधकाच्या द्वेषातून आल्यासारखी दिसतात, पण आत असते आपल्याच गटाची भीती: आपल्याला कोणी ‘फितूर’ म्हणेल, गटातून काढेल, पुढच्या बैठकीला बोलावणार नाही. द्वेष कबूल करणं सोपं, कारण त्यात थोडी मर्दुमकी वाटते. भीती कबूल करताना मात्र जीभ अडखळते.

वाक्य कसं लिहायचं

एका रात्री तीन नोंदींपेक्षा जास्त लिहू नका. प्रत्येक नोंद एका वाक्याची. त्या वाक्याचा कर्ता ‘मी’ असावा आणि त्यात ‘पण’ किंवा ‘कारण’ हे शब्द येऊ नयेत.

मराठीत इथे एक चोरवाट आहे. ‘माझ्याकडून बोललं गेलं’, ‘तोंडातून निघून गेलं’, ‘राग अनावर झाला’, ‘वाद वाढत गेला’. वाक्य पुरं होतं, ऐकायला नम्रही वाटतं, पण त्यात करणारा कोणीच नसतो. मोशेचा भाऊ अहरोन याने हेच केलं. लोकांनी पूजलेल्या सोन्याच्या वासराबद्दल मोशेने जाब विचारल्यावर तो म्हणाला, लोकांनी सोनं दिलं, मी ते विस्तवात टाकलं आणि हे वासरू बाहेर आलं (निर्गम ३२:२४). त्याच अध्यायाचं चौथं वचन सांगतं की त्याने ते हत्याराने कोरून घडवलं होतं. वहीत असं अहरोनी वाक्य सापडलं की ते खोडा आणि पुन्हा लिहा.

‘आज सभेत थोडी गरमागरमी झाली’ ही नोंद नव्हे. ‘मी त्याच्या मुलाच्या नोकरीवरून त्याला टोमणा मारला, आणि तो खोटा आहे हे मला माहीत होतं’ ही नोंद.

वाक्य लिहून झालं की चौथ्या पायरीवर ते देवापुढे मोठ्याने वाचा आणि क्षमा मागा. १ योहान १:९ तिथेच म्हणा. आपण पापं कबूल केली तर तो विश्वसनीय आणि न्यायी आहे, म्हणून क्षमा करील. मग पाचवी पायरी: उद्या करण्याजोगी एकच गोष्ट, तीही वेळ आणि माणूस ठरवून. ‘जास्त प्रेमळ होईन’ या निश्चयाचा उद्या रात्री हिशेब देता येत नाही. ‘सकाळी दहाच्या आत तो संदेश चुकीचा होता हे गटात लिहीन’ याचा देता येतो.

वही कुठे बिघडते

सर्वांत आधी ती दुसऱ्यांच्या पापांची वही होते. ओळखण्याची खूण सोपी: महिनाअखेरीस पानं चाळा आणि ‘मी’ किती वेळा आलं, दुसऱ्यांची नावं किती वेळा आली ते मोजा. नावं जास्त भरली तर ती डायरी आरोपपत्र झाली आहे. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ आणि आपल्या डोळ्यातलं मुसळ ही म्हण आपण इतकी वापरतो की ते येशूचं वचन (मत्तय ७:३) आहे हेही विसरतो, आणि वापरतो तीसुद्धा बहुतेक वेळा दुसऱ्याला हाणायला.

उलट दिशेचा बिघाड जास्त नाजूक आहे. काही माणसांचं मन मुळातच हळवं असतं. ती एकच पाप दहा वेळा कबूल करतात आणि तरी सुटका वाटत नाही. पौलासारखा माणूस म्हणतो की मी स्वतःचाही न्याय करत नाही, माझा न्याय करणारा प्रभू आहे (१ करिंथ ४:३-४). अशा माणसाने नोंद एकावर आणावी, आभाराला दहा मिनिटं द्यावीत, आणि कबूल केलेली गोष्ट पुन्हा उघडू नये हा नियम पाळावा. तरीही तेच विचार दिवसभर पिच्छा पुरवत असतील आणि झोप उडत असेल, तर पाळकांशी बोलावं आणि डॉक्टरांकडेही जावं. तो श्रद्धेचा कमीपणा नव्हे.

तिसरा बिघाड: वही दाखवावीशी वाटणं. लूक १८मधला परूशी (धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथातला) प्रार्थनेतसुद्धा बाजूच्या जकातदाराशी तुलना करत होता. ‘मी किती प्रामाणिकपणे आत्मपरीक्षण करतो, ती माणसं मात्र…’ असं एकदा जरी मनात आलं तरी त्या रात्रीची पहिली नोंद तीच. महिना संपला की पानं फाडून टाका. जे भरून द्यायचं राहिलंय तेवढीच यादी नव्या पानावर उतरवा.

सोबती

एकट्याची वही माणसाला फसवू शकते. दावीदाचं उदाहरण यासाठी फार बोलकं आहे. या राजाने दुसऱ्याची बायको बळकावल्यावर संदेष्टा नाथानाने त्याला गोष्ट सांगितली: श्रीमंताने गरिबाची एकुलती एक मेंढी घेतली. दावीद संतापला, तो माणूस मरणास पात्र आहे म्हणाला, आणि चौपट भरपाईही ठरवून मोकळा झाला (२ शमुवेल १२). त्याची न्यायबुद्धी उत्तम चालत होती, फक्त दुसऱ्यासाठी. ‘तो माणूस तूच’ हे बाहेरून कोणीतरी म्हणावं लागलं.

सोबती निवडताना तो आपल्या हाताखालचा नसावा आणि आपला वरिष्ठही नसावा. पुरुषाने पुरुष, स्त्रीने स्त्री निवडावी. तोंड बंद ठेवणारा हवा. आणि या काळासाठी एक जादा अट: तो आपल्या गटाशी सगळ्या बाबतींत सहमत नसावा. एकाच गटातले दोघे बसले की पहिल्या दहा मिनिटांत पापकबुली संपते आणि उरलेला वेळ विरोधकांसाठी ‘प्रार्थनाविषय’ काढण्यात जातो. प्रार्थनेच्या नावाखालची चुगली ही मंडळीतली सर्वांत सभ्य चुगली.

मेथडिस्ट चळवळीचा प्रवर्तक जॉन वेस्ली याने १७३८ साली छोट्या गटांसाठी जे प्रश्न ठरवले, ते आजही चालतात. गेल्या भेटीनंतर जाणूनबुजून कोणतं पाप केलं? कोणता मोह आला? त्यातून सुटका कशी झाली? आणि असं काही विचारात, बोलण्यात वा कृतीत आहे का, जे पाप आहे की नाही याची शंका वाटते? शेवटचा प्रश्न गाळू नका. दुफळीतली बरीच वागणूक त्या शंकेच्या पट्ट्यातच असते. पाऊण तास बसा, प्रत्येकी वीस मिनिटं, उरलेली पाच प्रार्थनेला. न विचारता सल्ला देऊ नका.

गुप्ततेची मर्यादा पहिल्याच भेटीत सांगून टाका: एखाद्या मुलाला इजा होत असेल किंवा कोणाच्या जिवाला धोका असेल तर ती गोष्ट आपल्यात राहणार नाही. (कॅथलिक धर्मगुरूपुढचं पापनिवेदन वेगळं. तिथली गुप्तता कोणत्याही कारणाने मोडता येत नाही, आणि सोबती त्याची जागा घेत नाही.) सोबती साक्षीदार आहे, न्यायाधीश नव्हे. हिशेब मागण्याच्या नावाखाली कोणी तुमचे पैसे, मत किंवा लग्न ठरवू लागला तर त्या भेटी तिथेच थांबवा.

भरपाई

क्षमा मागून वही मिटणं हे अर्धं काम. मत्तय ५:२३-२४ मध्ये वेदीजवळ आलेल्या माणसाला आठवतं की भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे. नीट वाचा: भावाचा आपल्यावर रोष आहे, आपला त्याच्यावर नव्हे. त्याने अर्पण तिथेच ठेवून आधी जायचं आहे.

पैसे किंवा वस्तू असेल तर शास्त्राने मापच दिलं आहे. लेवीय ६:५ प्रमाणे पूर्ण परतफेड आणि वर पाचवा हिस्सा: हजार घेतले असतील तर बाराशे. येशूला भेटलेला जकातदार जक्कय तर चौपट द्यायला तयार झाला. शब्दांची भरपाई अवघड असते, पण त्यालाही माप लावता येतं: खोटं जिथे सांगितलं तिथेच आणि तितक्याच लोकांसमोर दुरुस्ती. चाळीस जणांच्या गटात टाकलेला खोटा संदेश गुपचूप पुसला तर वाचलेले चाळीस जण तसेच राहतात. गटात दोन ओळी लिहा: मी अमुक पाठवलं होतं, ते खोटं होतं, मी तपासलं नव्हतं. ‘चुकून गेलं’ म्हणजे पुन्हा अहरोनाचं वासरू.

माफी मागताना काय केलं, त्याने काय नुकसान झालं आणि आता काय भरून देणार, एवढंच बोला. ‘तुम्हाला वाईट वाटलं असेल तर’ हा शब्दप्रयोग कायमचा बंद करा. त्यात चूक त्यांच्या वाटण्याची ठरते. लगेच क्षमेची अपेक्षाही ठेवू नका. समोरच्याने दार लावलं तर रोमकरांस १२:१८ पुरे: तुमच्याकडून होईल तितकं शांतीने राहा. जी दुष्ट भावना फक्त मनात होती आणि समोरच्याला ठाऊकही नाही, ती त्याला जाऊन सांगू नका. ती देवापुढेच ठेवा. नाहीतर आपलं ओझं हलकं करायला त्याच्या डोक्यावर नवं चढवतो.

बोलण्याआधी

पहिला बोलणारा खरा वाटतो, दुसरा येऊन त्याची तपासणी करेपर्यंत, असं नीतिसूत्रे १८:१७ सांगतं. म्हणून विरोधकाचं म्हणणं आधी कागदावर अशा शब्दांत लिहा की ते वाचून तो ‘हो, हेच मला म्हणायचंय’ म्हणेल. जमत नसेल तर आपण अजून ऐकलेलं नाही. राग असेल तेव्हाचा मजकूर रात्रभर राहू द्या आणि सकाळी एकदा वाचा.

तक्रार मंडळीतल्या एखाद्या भावाविरुद्ध असेल तर मत्तय १८:१५-१७ चा क्रम पाळा: आधी एकटं भेटणं, मग एकदोघांना घेऊन, मग मंडळीपुढे. आजकाल हा क्रम उलटा चालतो. आधी जाहीर पोस्ट, मग समर्थकांची टोळी, आणि एकटं भेटणं कधीच नाही. अत्याचाराच्या बाबतीत मात्र पीडिताला अत्याचाऱ्यासमोर एकटं बसवायला हे वचन वापरू नका. तिथे आधी सुरक्षितता आणि कायदा.

मतदानाबद्दल वेस्लीने ६ ऑक्टोबर १७७४ रोजी आपल्या रोजनिशीत मतदारांना दिलेला सल्ला नोंदवला आहे: पैसा किंवा बक्षीस न घेता सर्वांत लायक वाटेल त्याला मत द्या, ज्याच्या विरोधात मत दिलं त्याच्याबद्दल वाईट बोलू नका, आणि दुसऱ्या बाजूला मत देणाऱ्यांविरुद्ध आपलं मन धारदार होऊ देऊ नका. तिसरी अट पाळायला सर्वांत कठीण, म्हणून निकालाच्या आठवड्यात रात्रीचा एक प्रश्न तिच्यासाठी राखा.

गप्प बसणं म्हणजे पवित्रता नव्हे

इथपर्यंत वाचून कोणी ठरवेल की मग कशातच पडायला नको. तो हिशेब चुकवण्याचाच दुसरा मार्ग. येशूने कुसळ तसंच राहू दे असं म्हटलेलं नाही. आधी मुसळ काढ, मग भावाच्या डोळ्यातलं कुसळ काढायला तुला स्पष्ट दिसेल, असं म्हटलं. आणि नाथान राजवाड्यात गेलाच.

१९३४ साली जर्मनीतल्या बार्मेन इथे काही ख्रिस्ती लोकांनी नाझी राज्यसत्तेपुढे मंडळीने झुकू नये असं जाहीर केलं. त्या विरोधातले एक पुढारी मार्टिन नीमोलर पुढे छळछावणीत गेले. ऑक्टोबर १९४५ मध्ये स्टुटगार्ट इथे जे अपराधकबुलीचं निवेदन झालं, त्यावर त्यांचीही सही आहे. त्यात म्हटलं होतं की आम्ही अधिक धैर्याने साक्ष दिली नाही, अधिक निष्ठेने प्रार्थना केली नाही. ज्यांनी किंमत मोजली होती तेही ‘आम्ही’मध्ये उभे राहिले. नहेम्याही तसाच म्हणतो: मी आणि माझ्या बापाच्या घराण्याने पाप केलं (नहेम्या १:६). अनेकवचन कबुलीत शोभतं, सबबीत नाही. मात्र उलट दिशेने ते वापरू नका: बापाच्या अपराधाचा भार पुत्राने वाहायचा नाही, असं यहेज्केल १८:२० स्पष्ट सांगतं. विरोधकाच्या मुलाबाळांवर, जातकुळीवर राग काढायला कोणत्याही बाजूला मुभा नाही.

बोलावं की नाही हे ठरवताना स्वतःला विचारा: हीच गोष्ट आपल्या माणसाने केली असती तर बोललो असतो का? माहिती पहिल्या हाताची आहे का? बोलण्याची किंमत मी मोजणार की दुसरा कोणी? तिन्ही उत्तरं सरळ आली तर नाव घेऊन, तथ्य सांगून बोला आणि खाली आपलं नाव लिहा.

आठवड्यातून एक काम हाताने करायचंही ठेवा. ज्या अध्यायात अफवेबद्दल आणि जमावाच्या मागे जाण्याबद्दल आज्ञा आहे, त्याच्या पुढच्याच ओळींत शत्रूचं गाढव आहे: भरकटलेलं दिसलं तर परत नेऊन दे, ओझ्याखाली पडलं असेल तर उठवायला मदत कर (निर्गम २३:४-५). त्याच्याशी सहमत हो, असं तिथे म्हटलेलं नाही. गाढव उठव, इतकंच. विरुद्ध गटातल्या एकाचं एक काम, गाजावाजा न करता. तिसऱ्याला सांगितलं की ते वहीत गेलं.

प्रभुभोजनाच्या (चर्चमधल्या भाकर आणि द्राक्षरसाच्या विधीच्या) आदल्या संध्याकाळी नेहमीच्या पंधराऐवजी तीस मिनिटं बसा आणि भरपाईची राहिलेली यादी काढा. त्या रात्री उरकण्याजोगं उरका. न उरकण्याजोग्या गोष्टीपुढे पुढची तारीख लिहा. यादी पूर्ण झाली नाही म्हणून मेजापासून महिनोन्‌महिने दूर राहणारे काही भले लोक असतात. करिंथच्या मंडळीत जेवणाच्या मेजावरच तट पडले होते, तरी पौलाने तिथे लिहिलं: माणसाने स्वतःची परीक्षा करावी आणि मग ती भाकर खावी व त्या प्याल्यातून प्यावं (१ करिंथ ११:२८).